डिनीचा दाखवायचा कार्यक्रम

सुशीला आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे डिनीच्या शेडमध्ये खुर्च्यांवर बसणं. नुसतं बसणं. एका खुर्चीवर बसायचं, डिनी समोर उभा राहून बँजोवर एक गाणं म्हणायचा, ते संपेपर्यंत हलायचं नाही. संपलं की उठून पुढच्या खुर्चीवर. गाणं दरवेळी तेच. आवाज गंजलेल्या फाटकाचा.

"ज्या खुर्चीवर कोणी एक अख्खं गाणं बसलं नाही, त्या खुर्चीवर मी पाहुण्याला बसवत नाही," हा डिनीचा नियम. कुठली कुरकुरते, कुठली पाठीत टोचते, कुठल्या खुर्चीवरून खांब आडवा येतो आणि गाणाऱ्याचं अर्धंच तोंड दिसतं, हे बसल्याशिवाय कळत नाही म्हणतो. खुर्च्या शेकड्यानं. बंद पडलेल्या शाळेतल्या, विकायला काढलेल्या चर्चच्या हॉलमधल्या, एका दातवाल्या डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीतल्या. एकाला एक जुळत नाही. हिवाळ्यासाठी रचून ठेवायच्या आधी सगळ्या बसून बघायच्या होत्या, आणि गावात माणसं घराबाहेर पडत नव्हती, म्हणून आम्हाला जुंपलं होतं.

शेडचं मोठं दार उघडं, बाहेरून गार वारा. सुशीला दोन स्वेटर घालून, कानाला मफलर बांधून बसलेली.

"आवो, ही दातवाल्याची जरा मऊ हाय. या हिकडं."

"गाणं संपू दे. मधी उठलं की तो पहिल्यापासून म्हणतोय."

ती इतकी हसली की डिनीनं गाणं थांबवलं आणि पहिल्यापासून म्हटलं.

संध्याकाळी घरी आलो, आमटीभात खाल्ला, झोपलो. सकाळी ती चहा ठेवायला उठली आणि स्वयंपाकघरात पडली. ती काही उठली नाही.

हे मी सुशीलेबद्दल लिहीत नाही. तिच्याबद्दल लिहायला बसलो तर मला जमणार नाही. डिनीबद्दल लिहितो. तो सोपा आहे.

आमचा मुलगा संजय वॉटरफोर्डच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर. गावाच्या कडेला नवी घरं झाली आहेत, सगळी एका साच्यातून काढल्यासारखी, त्यातलं एक त्याचं. नातीच्या जन्माला म्हणून आम्ही सहा महिन्यांसाठी आलो, आणि आलो तोच सगळं बंद झालं. विमानं बंद, दुकानं बंद, शेजारी बंद. उघडं फक्त एकच, आमच्या मागच्या कुंपणापलीकडचं डिनीचं जुनं शेतघर. सगळ्यांनी जमिनी विकल्या, ह्यानं विकली नाही. एकटाच राहतो. लग्न केलेलं नाही.

डिनी सत्तरीचा. ज्वारीच्या ताटासारखा उंच आणि वाळका. डोक्यावर अमेरिकन गुराख्याची हॅट, पायात टाचेचे बूट, कमरेला बशीएवढं बक्कल. चालतो असा, की आत्ताच घोड्यावरून उतरला. घोडा कधीच नव्हता. ट्रॅक्टर आहे, तो ढकलावा लागतो. अमेरिका त्यानं पाहिलेली नाही, कारण तो विमानाला भितो. डब्लिनला जातो तेही संध्याकाळच्या आत परत. तिथलं पाणी बाधतं म्हणतो. पण स्वयंपाकघरातलं घड्याळ अमेरिकेच्या वेळेवर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुपारची जेवणवेळ, आणि घड्याळात सकाळचे सात.

मी हातानं खूण केली, बंद पडलंय.

"चालू आहे," तो म्हणाला. "टेनेसीत आत्ता लोक उठतायत."

उठेनात का! ह्याला काय करायचंय? पण त्याला ते माहीत असावं लागतं.

तो बोलतो ते ह्या भागातलं इंग्रजी, अर्धं गिळलेलं. संजयलाही कधी कधी कळत नाही. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, मला काय कळणार? पण दीड वर्ष कानावर पडत राहिलं तसं कळायला लागलं. इथं मी ते माझ्या भाषेत लिहितो. दोन शब्द मात्र त्याचे त्याच्याच तोंडात शोभतात. पहिला 'ग्रँड'. छत गळतंय? ग्रँड. गाय लंगडतेय? ग्रँड. आमच्या बार्शीत 'चालतंय की' म्हणतात तसलाच. दुसरं त्याचं, माझ्या भाषेत सांगायचं तर, 'आधी बस'. तुम्ही घर पेटल्याची बातमी घेऊन जा, तो म्हणणार, "आधी बस." बसल्यावरच ऐकतो.

आता त्याचा तो कार्यक्रम. दर उन्हाळ्याच्या शेवटी तीन दिवस त्याच्या शेडमध्ये अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांची जुनी गाणी होतात. बँजो, फिडल, गिटार. डिनीचं म्हणणं, ती गाणी मुळात इथूनच गेली, उपाशी माणसांबरोबर बोटीतून, आणि तिकडची हवा खाऊन परत आली. ह्या कार्यक्रमाला तो 'शोकेस' म्हणायचा. ते काय असतं हे संजयनं मला समजावलं. नवे, कोणी न ऐकलेले गाणारे यायचे, प्रत्येकानं तीन गाणी म्हणायची, आणि समोर मोठ्या जत्रा भरवणारे लोक येऊन बसायचे. आवडला गाणारा तर बोलावणार.

मी म्हणालो, "म्हणजे दाखवायचा कार्यक्रम. चहा-बिस्किटं खायची आणि नंतर कळवतो म्हणून जायचं."

"अगदी तेच, आबा," संजय म्हणाला.

गाणारे निवडायची डिनीची तऱ्हा निराळी. टेप पाठवली तर ऐकत नाही. गोठ्यात यायचं आणि त्याच्या पाच गाईंसमोर गायचं. गाई रवंथ करत असतात. गाणं ऐकून रवंथ थांबलं तर पास. चालूच राहिलं तर, "ग्रँड, पुढच्या वर्षी ये." लांबून गाडी हाणत आलेली माणसं गाईंनी नापास करून परत पाठवलेली मी डोळ्यांनी बघितली आहेत. एकजण रडवेला होऊन म्हणाला, ती तांबडी गाय तर बघतच नव्हती. डिनी म्हणाला, "तिचं मत मी धरत नाही. बाकीच्या चार विरोधात आहेत."

सुशीलेची आणि त्याची गट्टी ह्या गाईंमुळं जमली. ती रोज संध्याकाळी उरलेल्या चपात्या घेऊन कुंपणातून पलीकडं जायची. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, त्याला मराठीचा. ती त्याला डिनीभाऊ म्हणायची. तास-तासभर तिकडं असायची. दोघं काय बोलायचे देव जाणे.

पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी तिला बोलवायला गेलो तर ती तांबडीच्या मानेखाली खाजवत ओवी म्हणत होती. तिच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या, पण मधून मधून स्वतःच्या घालायची, आणि त्यात हटकून मी असायचो.

"समुद्र वलांडला बाई, आगबोट न्हाई पाहिली,
घरधनी माझा तसाच, त्याची चहाची घाई राहिली."

म्हणता म्हणता स्वतःच हसली. मी बघतो तर पाचही गाई कान टवकारून उभ्या. एकीचंही तोंड हलत नाही. आणि दारात डिनी. हॅट काढून छातीशी धरलेली.

"शनिवार," तो म्हणाला. "दुपारी. तीन गाणी."

संजयनं आईला सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "आगं बया! मी न्हाई म्हणणार तसल्या लोकात." पण दुसऱ्या दिवसापासून भाकऱ्या थापताना काहीतरी पुटपुटत होती. त्या वर्षी कार्यक्रम झालाच नाही, सरकारनं बंदी घातली होती. डिनीनं तरीही सगळ्या खुर्च्या मांडल्या, बसून बघितल्या, आणि परत काढल्या. सुशीलेला सांगितलं, पुढच्या वर्षी. शनिवार.

मग ती गेली.

तिला इथंच न्यायला लागलं, दुसऱ्या गावी विजेच्या दाहिनीला. चार माणसांच्या वर यायला परवानगी नव्हती. गाडी आमच्या गल्लीतून निघाली तर दोन्ही बाजूंना माणसं उभी, आपापल्या फाटकाशी, अंतर ठेवून, मान खाली घालून. घरात येता येत नाही म्हणून ही इथली रीत पडली होती. वळणावर डिनी. हॅट हातात. आणि त्याच्या मागं कुंपणाला लागून पाच गाई ओळीनं उभ्या केलेल्या. त्यानं सकाळपासून खाणं दाखवून दाखवून त्यांना तिथं धरून ठेवलं होतं. संजय एवढा डॉक्टर माणूस, गाडीत एकदम हसला, आणि हसता हसता त्याचा आवाज फुटला.

त्यानंतर मी खोलीतच असायचो. इकडं दिवस लहान, तिकडं गावी परत आजार वाढलेला, जायला वाट नाही. डिनी रोज यायचा. घरात येता येत नव्हतं, म्हणून माझ्या खिडकीबाहेर बागेत उभा राहायचा, पाऊस असला तरी. हॅटच्या कडेवरून पाणी गळतंय.

"काय पाहिजे तुला?" मी मराठीतच विचारायचो.

"शाळेच्या खुर्च्यांना बुरशी आली."

"मग मी चाटू का ती? जा घरी."

"ग्रँड," म्हणून जायचा. दुसऱ्या दिवशी परत हजर. कधी उंदीर, कधी फळी, कधी बँजोची तार. सबंध हिवाळा त्यानं मला त्याच्या शेडची रडकथा ऐकवली. मी एकदाही आत ये म्हणालो नाही, आणि म्हणता येतही नव्हतं.

उन्हाळा आला. सरकार म्हणालं, गाणं-बजावणं करा, पण बाहेर. आत नाही. म्हणजे शेड बाद. डिनी खिडकीशी आला आणि चौकटीला टेकला. मग म्हणाला, "तंबू भाड्यानं मिळत नाही. सगळ्यांनी आधीच नेलेत. संजय म्हणतो, तू तंबू बांधायचास."

मी बार्शीत चाळीस वर्षं मंडप बांधले. लग्नं, मुंजी, सभा, दहावे. हात नुसते पडून होते ते मलाही बोचत होतंच. मी चप्पल घातली.

बांबू नाहीत. डिनीनं बांधकामाचे जुने लोखंडी पाइप आणले आणि ओढ्याकाठच्या झाडांचे सोट. सुतळी नाही. इथं गवताचे गठ्ठे बांधायची एक निळी प्लास्टिकची दोरी असते, शेतकरी फाटकापासून पँटीपर्यंत सगळं तिनंच बांधतो. ती मिळाली ढिगानं. छताला ताडपत्री. आम्ही दोघं म्हातारे शिडी धरायचो, एक वर, एक खाली. मी वरून ओरडायचो, "ताण! आरं ताण की, काय गाईला कुरवाळतोयस!" तो ताणायचा. तीन आठवड्यांत मंडप उभा राहिला. सरळ, कुठं झोळ नाही.

त्याच सुमारास त्यानं रस्त्याकडेला पाटी लावली. प्लायवुडच्या मोठ्या फळीवर रंगानं सगळ्या गाणाऱ्यांची नावं, तीन दिवसांची. संजय इस्पितळातून येताना बघून आला आणि जेवायला बसला. मग म्हणाला, "आबा, शनिवारी आईचं नाव आहे."

मी ताटावरून उठलो आणि तसाच गेलो. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण तिच्या नावाचे आकार मला पासपोर्टवरून ओळखीचे होते. डिनी फळीजवळच ब्रश धूत बसला होता.

"हे काय मांडलंयस?" संजय धावत मागून आला होता, त्याला म्हणालो, "सांग त्याला. मेलेल्या बाईचं नाव पाटीवर लावतोस? तमाशा वाटला का?"

"आधी बस," डिनी म्हणाला.

"बसत नाही. पूस ते."

"तिला मी बोलावलेलं आहे. ती हो म्हणाली."

"ती नाही आता!"

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी वळणावर उभा होतो."

संजयनं समजुतीनं घेऊन बघितलं. शनिवारची दुपार ही सगळ्यांत मोक्याची वेळ. डब्लिनहून मोठ्या जत्रेचा एक माणूस येणार होता, तो तेवढ्यापुरताच. ती वेळ मिळावी म्हणून गाणारे डिनीच्या मागं लागले होते. एक पोरगेलीशी बाई गिटार घेऊन दोनदा येऊन गेली. गाईंनी तिला पास केलं होतं, पण डिनीनं तिला रविवार सकाळ दिली होती, आणि रविवारी सकाळी ऐकायला कोण येतंय?

मी म्हणालो, "तिला दे. जिवंत बाईला दे."

"जिवंत बाईला रविवार दिलाय. शनिवार सुशीलेचा. मी एकीचा काढून दुसरीला दिला, तर उद्या माझ्या शब्दावर कोण येईल?" त्यानं ब्रश माझ्यापुढं धरला. पांढऱ्या रंगाचा डबा पायानं सरकवला. "तुझी बायको. तुला पुसायचं तर तू पूस."

मी ब्रश घेतला. फळीपुढं उभा राहिलो. तिचं नाव बाकीच्यांपेक्षा नीट काढलं होतं, एकदा पुसून परत काढलेलं दिसत होतं. मी ब्रश डब्यात टाकला आणि संजयला म्हणालो, "त्याला सांग, मंडपाला अजून कनात बांधायची आहे. मला वेळ नाही."

कनात म्हणजे मंडपाच्या बाजूंचे पडदे. आता तुम्हीच सांगा, कनात नसलेला मंडप तुम्ही कधी बघितलाय का? छत टाकून बाजू उघड्या ठेवणं म्हणजे नवरदेवाला बाशिंग बांधून धोतर न देण्यातला प्रकार. त्यातून वारा सुटणार असं रेडिओवर सांगत होते. डिनीकडं एका जुन्या थिएटरचे लाल मखमली पडदे पडून होते. गुरुवारी दिवसभर खपून मी तीन बाजू बंद केल्या. चुण्या घातल्या, झालर सोडली, चौथी बाजू दोन्हीकडून मुरडून कमान केली. डिनी आत फिरून आला आणि खाली बसला. बराच वेळ वर बघत होता. ग्रँडसुद्धा म्हणाला नाही.

शुक्रवारी सकाळी सरकारी बाई आली. पिवळं जाकीट, हातात फूटपट्टी. चांगली बाई. पडद्याला हात लावून म्हणाली, फारच सुंदर. आणि मग म्हणाली, "पण हे आता घर झालं."

संजयनं मला सांगितलं. भिंती असल्या की ते 'आत'. भिंती नसल्या की 'बाहेर'. तीन बाजूंना भिंती असतील तर गाणं बंद.

"भिंत?" मी म्हणालो. "बाई, हे कापड हाय कापड! उद्या साडीला वाडा म्हणशील."

संजयनं ते भाषांतर केलं नाही. पण माझा आवाज बघून बाई मागं सरकली. डिनी खदाखदा हसायला लागला. हॅट पडली. म्हणाला, "सगळ्या देशात कार्यक्रम होतायत, तंबू म्हणून. ह्या गड्यानं एका दिवसात इमारत बांधली."

"काढायला लागेल?" मी विचारलं.

"आधी बस," तो म्हणाला. आम्ही दोघं दातवाल्याच्या खुर्च्यांवर बसलो, एक एक सिगारेट ओढली, आणि उठून माझ्या हातच्या चुण्या मीच सोडल्या. पाऊस तोवर सुरू झाला होता, आडवा. पहिल्या दोन रांगा भिजल्या. इथल्या लोकांना त्याचं काही नसतं. टोप्या ओढून घेतल्या आणि बसले, एकमेकांपासून लांब लांब, खुर्च्या मांडून दिल्या तसे. गाणारे आले, गायले, गेले. मी मागं खांबाला टेकून दोऱ्यांवर लक्ष ठेवत होतो. गाण्यातलं मला काही कळत नाही. सगळ्यांत आगगाडी असते एवढं कळलं.

शनिवारी दुपारी मी घरीच थांबणार होतो. संजयला तसं सांगितलंही होतं. पण वारा वाढला, ताडपत्री फडफडायचा आवाज घरापर्यंत येऊ लागला, मग जावंच लागलं.

मी पोचलो तेव्हा एका म्हाताऱ्याचं फिडल संपत होतं. टाळ्या झाल्या. तो उतरला. आणि डिनी स्टेजवर चढला. कार्यक्रमात तो कधी स्टेजवर चढत नाही, गाड्या लावायला उभा असतो. त्यानं हॅट काढली.

"सुशीला," तो म्हणाला. "बार्शीची. तीन गाणी."

उतरला. पहिल्या रांगेत जाऊन बसला आणि डोळे मिटले.

स्टेजवर कोणी नाही. एक माइक, एक ओला गालिचा. ताडपत्रीवर पाऊस. लोक माना वळवून बघायला लागले. गल्लीतल्या लोकांना माहीत होतं, ते हलले नाहीत. डब्लिनचा माणूस दुसऱ्या रांगेत होता, त्यानं घड्याळ बघितलं, शेजारणीला काही विचारलं आणि उठायला लागला. डिनीनं डोळे न उघडता मागं बोट केलं. "आधी बस." तो बसला.

मला वाटलं होतं, मला राग येईल. मी त्याची वाट बघत उभा होतो. समोर माळावर गाई चरत होत्या. कनात असती तर दिसल्या नसत्या. त्यांना काही घेणंदेणं नव्हतं, खाली मुंड्या घालून चरत होत्या.

काही वेळानं डिनीनं टाळ्या वाजवल्या. एकट्यानं, पण मनापासून. मग गल्लीतल्या एकदोघांनी. तो परत शांत बसला. ओठ हलत होते, बुटाची टाच हलत होती. परत टाळ्या, आता बऱ्याच जणांच्या. मग तिसरं. ते लांबलं. इतकं लांबलं की एक पोर रडायला लागलं आणि त्याच्या आईनं त्याला बाहेर नेलं. शेवटी डिनीनं डोळे उघडले आणि उभा राहून टाळ्या वाजवल्या. सगळे उभे राहिले. डब्लिनचा माणूसही.

लोक चहाला गेल्यावर मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. मध्ये एक खुर्ची सोडून, नियमाप्रमाणं.

"कुठली तीन म्हणाली?" मी विचारलं. माझ्या इंग्रजीत, जसं येतं तसं.

"पहिलं गाईचं," तो म्हणाला. "दुसरं ते, मध्येच हसायची ते."

"माझ्यावरचं."

"तुझ्यावर होतं? ग्रँड. आणि तिसरं तिनं मला कधी ऐकवलंच नव्हतं. म्हणून त्याला वेळ लागला."

तो हॅटमधलं पाणी झटकत म्हणाला, "ती माझ्यावर ओरडायची."

"कोण? सुशीला?"

"रोज. गोठ्याच्या दारात उभी राहायची आणि सुरू. मला शब्द कळायचा नाही. बूट दाखवायची, ओरडायची. कप दाखवायची, ओरडायची. एकदा माझा कोट ओढून काढला आणि तारेवर वाळत घातला, आणि त्या कोटावरही ओरडली." त्यानं आवाज खाली आणला. "आई गेल्यापासून ह्या अंगणात माझ्यावर कोणी आवाज चढवलेला नाही. लोक भले आहेत. कसा आहेस डिनी, विचारतात. मी ग्रँड म्हणतो. ते जातात. उद्याही हा इथं दिसणार, असं धरून चालल्याशिवाय कोण कोणावर ओरडतं?"

चहाच्या टेबलाशी कोणीतरी त्याला हाक मारली. तो उठला, बक्कल वर ओढलं आणि घोड्यावरून उतरल्यासारखा चालत गेला.

घरी आलो तर संजय वाट बघत होता. "फार त्रास झाला का, आबा?" म्हणाला. मी म्हणालो, "दोरी एका ठिकाणी ढिली झाली होती. बांधली."

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठलो आणि चहा न पिताच कुंपणातून पलीकडं गेलो. डिनीच्या स्वयंपाकघराचं दार नुसतं लोटलेलं. तो टेबलाशी बसून डब्यातून थंड घेवडा खात होता, चमच्यानं, डबा तसाच हातात धरून. अंगात कालचाच भिजका कोट. चिखलाचे बूट टेबलावर, पावाशेजारी.

मी दारात उभा राहिलो. कमरेवर हात ठेवले.

"आरं ए सांगाड्या!" मी ओरडलो. गाईंनी माना वर केल्या. "वला कोट घालून झोपलास व्हय रं? मरायचंय का? त्या गिटारवाल्या पोरीला सकाळची यायला सांगितलंस, तिच्यापुढं कोण बसणार, तुझा बाप? आणि हे काय खातोयस, कुत्रं खाईल का हे? ठेव तो डबा! ठेव म्हणतो ना! आधी तोंड धू. दाढी कर. हॅट काढ जेवताना, काही रीतभात हाय का न्हाई?"

त्यानं चमचा खाली ठेवला. माझ्याकडं बघत राहिला. एक अक्षर कळलं नव्हतं त्याला.

मी दम खायला थांबलो.

डिनीनं हळूच हॅट काढून मांडीवर घेतली आणि म्हणाला, "थांबू नकोस."

मग मी त्याच्या बुटांकडं वळलो.